उतरायचे वावर

आमच्या बोरगावात विमान उतरत नाही. नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरचे, सौसरजवळचे हे गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला संत्र्याच्या बागा, आणि जिकडेतिकडे कपाशी, तूर, सोयाबीन यांची वावरे. बडोदे-इंदूरकडील वाचक ज्याला शेत म्हणतात त्याला आम्ही वावर म्हणतो. पुढे हा शब्द पुष्कळदा यायचा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. विमाने येथून दिसतात ती फार उंचावरून जाणारी. तथापि विमानाच्या आवाजाने माझी झोप मोडते, आणि ही सवय आजची नव्हे.

१९४९ साली देशात रात्रीच्या टपालविमानांची सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि ती आपापल्या गावी परतत. दिल्लीचे विमान आमच्या बाजूने जाई. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर निजलेले असताना वरून घरघर ऐकू आली, की वडील म्हणत, "डाक चालली." कोणाकोणाची सुखदुःखे आपल्या डोक्यावरून चालली आहेत, या कल्पनेने मला मोठी गंमत वाटे.

१२ डिसेंबर १९५३ च्या रात्री ही गंमत संपली. सोनेगावहून मद्रासकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे डाकोटा विमान उड्डाण होताच कोसळले. डाव्या इंजिनाची शक्ती गेली होती. विमानात चौदा माणसे होती, त्यांतील तेरा गेली. कामगार चळवळीतील पुढारी आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री हे त्यांपैकी एक. वाचला तो एकटा वैमानिक. वडिलांनी ओसरीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. एवढेच कळले, की आकाशात इंजिन बंद पडते आणि मग माणसे मरतात. त्या रात्रीपासून विमानाचा आवाज पूर्ण विरेपर्यंत मी श्वास रोखून ऐकू लागलो. पुढे १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो; २०२३ साली आमचा पांढुर्णा जिल्हा झाला. टपालविमाने तर केव्हाच बंद झाली. भीती मात्र जेथल्या तेथे राहिली.

म्हणून माझ्या मुलीच्या मुलीने वैमानिक व्हायचे ठरविले, तेव्हा घरात सर्वांत अधिक विरोध मी केला. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले. विमान का उडते ते फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखविले. पण फळ्यावरचे विमान पडत नाही. नातीने माझे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि ती प्रशिक्षणाला निघून गेली.

दोन वर्षांपूर्वी, माघ महिन्यातल्या एका दुपारी, मुलीचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हते. जावयांनी फोन घेतला आणि म्हणाले, "बाबा, ती ठीक आहे, हे आधी ऐका." सरावासाठी ती एकटीच विमान घेऊन गेली होती. वाटेत इंजिन थरथरू लागले, मग त्याची शक्ती गेली, आणि तिने विमान एका वावरात उतरविले. पुढच्या चाकाचा दांडा मोडला. तिच्या खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ उठला. याहून अधिक काही नाही.

मी देवापुढे दिवा लावला आणि लगेच चार पानी पत्र लिहावयास बसलो. देवाने एकदा सांभाळले, दुसऱ्यांदा त्याची परीक्षा पाहू नये. परत ये, बी.एड. कर, सौसरला शाळा आहेत. असा त्या पत्राचा मजकूर होता. म्हाताऱ्या माणसाचे प्रेम कित्येकदा हुकूमाच्या रूपाने बाहेर पडते, हे आता लिहिताना उमगते.

होळीला ती घरी आली. चेहरा उतरलेला होता. रात्री दचकून उठते, असे तिची आई सांगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझे पत्र माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "आबाजी, वाचलं. उत्तर मी तोंडीच देते. पण इथे नाही, वावरात चला."

आम्ही दोघे धुऱ्यावर जाऊन बसलो. समोर पऱ्हाट्या उपटून साफ केलेले वावर पसरले होते. तेथे तिने मला जे सांगितले, ते मी शिक्षक असूनही मला ठाऊक नव्हते.

"इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येतं, असं तुम्हाला वाटतं ना?" तिने विचारले. मला तसेच वाटत होते. ती म्हणाली, की लहान विमान इंजिनावाचूनही घारीसारखे तरंगत उतरते. एक भाग उंची गमावली, की ते साधारण नऊ भाग पुढे जाते. जमिनीपासून तीन हजार फुटांवर असले, तर शांत हवेत सात-आठ किलोमीटर जाता येते आणि हाताशी चार-साडेचार मिनिटे असतात. मात्र त्यासाठी एक वेग ठरलेला आहे. तिच्या प्रकारच्या विमानाचा तो ताशी एकशेवीस किलोमीटरच्या आसपास. त्याहून हळू गेले तरी तोटा, जलद गेले तरी तोटा.

"मग पहिलं काम काय?"

"नाक खाली करायचं."

मी चकित झालो. खाली पडत असताना नाक आणखी खाली? पण विज्ञान तेच सांगते. इंजिनाचा ओढा गेला, की वेग मिळविण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे उतार. घाबरलेला माणूस नाक वर ओढतो, कारण त्याला खाली जावयाचे नसते. वेग घटतो, पंखाचा हवेशी कोन वाढत जातो, आणि एका क्षणी पंखावरून वाहणारी हवा सुटून विस्कळीत होते. मग पंख विमानाला तोलत नाही. तोपर्यंत विमान उतरत असते; त्यानंतर ते पडते. उतरणे आणि पडणे यांतला सारा फरक एवढाच आहे.

वेग साधला, की जागा निवडायची. आणि जागा निवडल्यावर, वेळ उरला तर, इंजिनाला पुन्हा हात लावायचा. टाकीची तोटी बदलून पाहायची, कारण कित्येकदा एक टाकी रिकामी होऊन दुसरी भरलेली असते. कार्बुरेटरला गरम हवा द्यायची. कार्बुरेटरच्या अरुंद नळीत पेट्रोलची वाफ होते तेव्हा हवा इतकी थंड होते, की बाहेर पावसाळ्यातील ऊबदार, दमट हवा असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. मग मॅग्नेटो तपासायचे. विमानाच्या इंजिनात ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन, आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. एक रुसला तर दुसऱ्याने संसार चालवावा, अशी ती योजना. नातीने हे सर्व केले. पण एका सिलिंडरचा व्हॉल्व्हच तुटला होता, हे पुढे चौकशीत निघाले. त्यावर आकाशात उपाय नव्हता.

"मग मी 'मे डे' असं तीनदा म्हटलं," ती म्हणाली. हा शब्द १९२३ च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी मॉकफर्ड यांनी रूढ केला. फ्रेंच भाषेत 'मला मदत करा' अशा अर्थाचे जे शब्द आहेत, त्यांच्या उच्चारावरून तो घेतला. "पण आबाजी, मदत करणारं वर कोणी नसतं. ते फक्त कुठे शोधायला यायचं, हे कळावं म्हणून."

"आणि जागा कशी निवडलीस?"

येथे ती प्रथमच हसली. "तुमच्यामुळे." लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत मी तिला वावरांतून फिरवीत असे, कोठे काय पेरले आहे, कोणती माती पाणी धरते, हे सांगत असे. ती म्हणाली, की वरून पाहताना तिला सगळी वावरे ओळखीची वाटली. संत्र्याची बाग म्हणजे अठरा-वीस फुटांवर एकेक झाड. तेथे पंख राहणार नाहीत. हिरवागार गहू डोळ्यांना मऊ गालिचासारखा दिसतो, पण तो पाण्यावरचा असतो. काळी माती ओली असली, की चाक रुतते आणि विमान कोलांटी खाते. उभी तूर दाट आणि चिवट. राहिले ते पऱ्हाट्या उपटलेले, कोरडे, तपकिरी वावर. त्याच्या सऱ्या वरून स्पष्ट दिसत होत्या. सऱ्यांना आडवे उतरले तर प्रत्येक सरीवर चाक आदळते. सरीच्या लांबीने उतरले तर ती वाटेसारखी होते. सुदैवाने वाराही समोरून येत होता. मी मनात हिशेब केला: वेग दुप्पट तर आघात चौपट. समोरच्या वाऱ्याने जमिनीवरचा वेग जेवढा कमी होतो, तेवढे माणसाचे आयुष्य वाढते.

"आणि तारा?"

"तारा दिसतच नाहीत, आबाजी. खांब दिसतात. खांबांची रांग दिसली, की तार आहे असं धरूनच चालायचं." या वाक्याचे मोल मला पुढे अधिक कळले. २०२५ च्या डिसेंबरात सिवनी जिल्ह्यात एक प्रशिक्षणविमान विजेच्या तारेला लागून वावरात पडले. दैव बलवत्तर म्हणून आतील दोघे वाचले.

मग तिने जे सांगितले, त्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. ती म्हणाली, "मला खरी भीती कशाची वाटली, सांगू? पलीकडे एक छान डांबरी रस्ता दिसत होता. थोडंसंच ताणलं तर पोहोचेन, असं सारखं वाटत होतं. आणि विमानतळ तर मागे ठेवून आलेच होते. तिकडे वळावं असंही वाटलं. आम्हाला शिकवतात, की माणसं इंजिन बंद पडल्यानं फारशी मरत नाहीत. या दोन मोहांनी मरतात."

उड्डाण होताच इंजिन गेले, तर मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह फार प्रबळ असतो. पण कमी उंचीवर ते वळण साधत नाही. नुसते तोंड फिरवून भागत नाही. पट्टीच्या रेषेत येण्यासाठी आणखी वळावे लागते. पंचेचाळीस अंश कलून वळले, तर विमान तोलून धरण्यास लागणारा किमान वेग जवळजवळ पाचवा हिस्सा वाढतो, आणि उंची तर झपाट्याने सरत असते. म्हणून नियम असा: समोर जे दिसेल, थोडे उजवीकडे-डावीकडे, त्यातले बरे ते पत्करावे आणि ताब्यात असताना उतरावे. दोन इंजिनांच्या विमानालाही या नियमातून सुटका नाही. एक बंद पडले, की दुसरे त्याला एका बाजूस ओढते, आणि वेग फार खाली आला, की वैमानिकाच्या पायांतील जोरही त्याला सरळ धरू शकत नाही. सोनेगावच्या त्या डाकोटाची आठवण होऊन मी गप्प बसलो.

"मी रस्ता सोडला," ती म्हणाली. "या वावरात उतरायचं आणि विमान मोडलं तर मोडलं, असं ठरवलं. ठरवल्यावर हात थरथरायचे थांबले. दार आधीच उघडून अडकवलं, पेट्रोल बंद केलं, ठिणगी बंद केली, शेवटी वीज बंद केली. मग नुसता वारा ऐकू येत होता."

विमान थांबल्यावर ती बाहेर पडून लांब जाऊन उभी राहिली. पाच मिनिटांत चारी बाजूंनी लोक धावले. एका म्हाताऱ्याने विचारले, "पोरी, पायलट कोठे आहे?" ती म्हणाली, "मीच." त्याने पागोट्याचे टोक तोंडाशी धरले आणि कोणाला तरी पाणी आणावयास पिटाळले. तेवढ्यात एका तरुणाने विमानाजवळ विडी पेटविली, तेव्हा मात्र ती जिवाच्या आकांताने ओरडली. सबंध दिवसात ती ओरडली ती तेवढीच.

हे सांगताना तिचा आवाज एकदम बसला. "आबाजी, सगळे म्हणतात तू शूर आहेस. पण मला लाज वाटते. मी विमान मोडलं. घेऊन गेले ते परत आणलं नाही."

माझ्या चार पानी पत्रात या लाजेविषयी एक शब्दही नव्हता. मी माझीच भीती तिला लिहून पाठविली होती. उत्तरादाखल मला एक जुनी हकीकत आठवली ती मी तिला सांगितली. १९३० सालची ती शर्यत. आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्याने, एका इंजिनाच्या विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावले होते. सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाला होता आणि जे. आर. डी. टाटा कराचीहून. टाटा इजिप्तमधील अबूकीरला पोहोचले, तेव्हा अस्पी तेथे अडकून पडला होता. इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. दोघे आपापल्या दिशेने गेले, आणि अस्पीने ती शर्यत थोडक्या अंतराने जिंकली. टाटांनी पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन पस मॉथ विमान आणले आणि देशातील टपालविमानांचा पाया घातला. अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. लोक ही गोष्ट टाटांच्या उदारपणासाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण मी तिला म्हटले, "तू अस्पीकडे पाहा. शर्यत हातची जात असताना तो खराब प्लगवर पुढे उडाला नाही. तो थांबून बसला. लाज वाटली असेलच की त्याला. पण थांबला म्हणून जिंकायला उरला."

ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी परत जाऊ?"

वाचकहो, खरे सांगतो, 'हो' हा शब्द माझ्या तोंडातून सहज निघाला नाही. माझे पत्र तिच्या मांडीवर होते. मला एकाएकी दिसले, की ते पत्र म्हणजे मागे वळून धावपट्टी गाठण्याचाच प्रकार होता. घर, बी.एड., सौसरची शाळा: जे माहितीचे, तिकडे तोंड फिरवावे, उंची पुरो वा न पुरो. तिने आकाशात जो मोह टाळला, तो मला धुऱ्यावर बसून टाळता येत नव्हता. मी ते पत्र तिच्याकडून घेतले आणि खिशात घातले. म्हटले, "जा. पण आधी झोप पुरी होऊ दे." तिची आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. तिचा राग रास्त होता, आणि अजूनही तो पुरता गेला आहे असे मी म्हणणार नाही.

नात परत गेली. आता तिच्याजवळ परवाना आहे.

हे वाचणाऱ्यांत वावरे असलेली घरे पुष्कळ असतील, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे अलीकडे प्रशिक्षणाची विमाने वाढली आहेत. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले असे एक विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. त्यातील एकटी प्रशिक्षणार्थी तरुणी बचावली. असे विमान कधी आपल्या वावरात आले, तर विडी, काडी, मोटारसायकल त्याच्यापासून दूर ठेवावी. पेट्रोल सांडलेले असते. समोरच्या पंख्याला, तो थांबलेला दिसला तरी, हात लावू नये. आतील माणूस शुद्धीवर असेल तर त्याला आधी पट्टा सोडू द्यावा, आणि आग वा धूर नसेल तर जखमी माणसाला ओढून काढण्याची घाई करू नये. ११२ क्रमांकावर फोन करावा. पोरांना छायाचित्रे नंतर काढू द्यावीत. आणि पाणी द्यावे. माझ्या नातीला तिच्या त्या दिवसातले आणखी काही आठवो न आठवो, त्या म्हाताऱ्याने मागविलेला पाण्याचा तांब्या आठवतो.

मी अजून सकाळी धुऱ्याधुऱ्याने फिरतो. परवा पलीकडच्या वावरात विजेचे नवे खांब उभे राहिलेले दिसले. पूर्वी ते माझ्या ध्यानातही आले नसते. संध्याकाळी नातीचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितले, "आपल्या उत्तरेकडच्या वावरात आता उतरता यायचं नाही हो. खांब आले आहेत." ती हसून म्हणाली, "मग कुठलं पाहून ठेवलंत?" मी म्हटले, "दक्षिणेचं. पऱ्हाट्या पुढच्या आठवड्यात निघतील."